‘फाइल्स ठेवा’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. तेव्हापासून इंदूरच्या मराठी घरांमधून, रामबागेत काय आणि लोकमान्य नगरात काय, एकच काळजी ऐकू येते: आता कॉम्प्युटर बंद पडणार का? बंद पडणार नाही. २०१५ साली आलेली ही विंडोज उद्याही सुरू होईल, तिच्यावर पत्रं लिहिता येतील, हिशेब करता येतील. थांबलं आहे ते एवढंच की सुरक्षेत नवी भोकं सापडली तर मायक्रोसॉफ्ट ही कंपनी ती आता फुकटात आणि आपोआप बुजवून देणार नाही. नोंदणी केलेल्या घरगुती कॉम्प्युटरना या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळण्याची सोय आहे. म्हणजे घाई नाही, पण कधी ना कधी नवी विंडोज टाकावी लागेल.

आणि नवी विंडोज म्हटलं की दुकानातून ठरलेलं वाक्य येतं: “एकदा फॉरमॅट मारून घ्या, मशीन नव्यासारखी पळेल.” आपण विचारतो, “फाइल्स राहतील ना?” समोरून उत्तर येतं, “राहतील.” दोघंही मनापासून बोलत असतात. पण ‘फाइल्स’ म्हणताना दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळ्या गोष्टी असतात. तंत्रज्ञाच्या मनात डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं असतात. आपल्या मनात मुंजीचे फोटो, टॅलीचे हिशेब, ब्राउझरमधले पासवर्ड, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचा मजकूर असं सगळंच असतं. बहुतेक माहिती हरवते ती या फरकामुळे. तो नीट समजून घेतला तर विंडोज पुन्हा टाकणं हे भीतीचं काम उरत नाही.

## एकाच छताखाली तिघं

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचं यंत्र आणि आपले प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. कीबोर्डवर काय दाबलं, पडद्यावर काय दाखवायचं, डिस्कवर कुठे काय लिहायचं, हे सगळं तो बघतो. विंडोज, लिनक्स, मॅकओएस हे असे कारभारी. यापुढे या लेखात मी त्याला नुसतं ‘सिस्टिम’ म्हणेन.

सी ड्राइव्ह उघडून पाहिलात तर त्यात मुख्यतः तीन मोठी फोल्डरं दिसतील. ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरमध्ये सिस्टिम स्वतः राहते. ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये आपण टाकलेले प्रोग्रॅम असतात. ‘यूजर्स’मध्ये माणसं: प्रत्येक खात्याच्या नावाचं एक फोल्डर, आणि त्याच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स वगैरे. नजरेला न दिसणारी आणखी दोन फोल्डरं असतात. एक ‘अ‍ॅपडेटा’, प्रत्येक माणसाच्या फोल्डरमध्ये दडलेलं. दुसरं ‘प्रोग्रॅमडेटा’, थेट सी ड्राइव्हवर. प्रोग्रॅम आपल्या नोंदी, आठवणी, सेटिंग या दोन ठिकाणी ठेवतात.

सिस्टिमला फाइलचं मोल कळत नाही, तिला फक्त पत्ता कळतो. आजोबांच्या हस्तलिखिताचा स्कॅन आणि चुकून दोनदा उतरवलेलं विजेचं बिल तिच्या लेखी सारखंच. एखादी गोष्ट ‘यूजर्स’च्या आत दिसणाऱ्या फोल्डरमध्ये असेल तर ती तुमची, ‘विंडोज’ किंवा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर ती सिस्टिमची किंवा प्रोग्रॅमची. “फाइल्स ठेवा” हा पर्याय निवडता तेव्हा मिळणारं वचन अमुक पत्त्यावरच्या फाइल्सपुरतं असतं. तुम्हाला मोलाचं वाटणारं सगळं राखण्याचं वचन त्यात नसतं.

## नवी विंडोज टाकण्याच्या वाटा

जुन्या वाड्याची दुरुस्ती मनात आणा. माणसं राहतायत, सामान जागच्या जागी आहे आणि गवंडी एकेक भिंत दुरुस्त करत जातो, ही पहिली तऱ्हा. दुसऱ्या तऱ्हेत घरच्यांच्या खोल्यांना हात लावत नाहीत, पण भाडेकरूंना बाहेर काढून बाकी वाडा नव्याने बांधतात. तिसऱ्या तऱ्हेत वाडा पाडून नवा उभा करतात आणि जुनं सामान अंगणाच्या कोपऱ्यात रचून ठेवतात, थोड्या दिवसांत उचलून न्यायच्या बोलीवर. आणि चौथ्यात जमीनच सपाट करतात; दुकानातलं ‘फॉरमॅट’ म्हणजे हीच तऱ्हा.

पहिल्या तऱ्हेला जाणकार ‘रिपेअर इन्स्टॉल’ म्हणतात. चालू असलेल्या विंडोजच्या आतूनच नव्या विंडोजची सेटअप फाइल चालवायची आणि “पर्सनल फाइल्स अँड अ‍ॅप्स” ठेवा असं सांगायचं. सिस्टिम नवी येते. फाइल्स, प्रोग्रॅम आणि बहुतेक सेटिंग जागेवर राहतात. विंडोज १०वरून ११वर जाताना हीच वाट सर्वांत सुखाची. एक अट पाळावी लागते: विंडोजच्या होम आवृत्तीच्या जागी होम, प्रोच्या जागी प्रो, आणि भाषाही आधीचीच. ती जुळली नाही तर “अ‍ॅप्स ठेवा” हा पर्याय निवडता येत नाही. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत रिकव्हरीच्या पानावर यासाठी थेट बटणच दिलं आहे. ते अपडेटमधून सगळं उतरवून घेतं आणि काहीही न पुसता सिस्टिम पुन्हा बसवतं. कॉम्प्युटर सुरू होत असेल, नुसता अडखळत असेल, तर आधी हेच करून पाहावं. दुकानात ही वाट क्वचितच सुचवली जाते, कारण तिला वेळ लागतो आणि त्या वेळात माणसाला लक्ष ठेवावं लागतं.

दुसरी तऱ्हा म्हणजे ‘रीसेट धिस पीसी’. विंडोज ११च्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग रिकव्हरी (विंडोज १०मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, मग रिकव्हरी) असं गेलात की हे सापडतं. इथेच “कीप माय फाइल्स” आणि “रिमूव्ह एव्हरीथिंग” हे दोन पर्याय समोर येतात. पहिला निवडला तर ‘यूजर्स’मधली दिसणारी फोल्डरं राहतात, तुम्ही बाहेरून आणून टाकलेले सगळे प्रोग्रॅम जातात आणि सेटिंग मूळ स्थितीत येतात. गेलेल्या प्रोग्रॅमची यादी विंडोज डेस्कटॉपवर ठेवते, ती जपून ठेवा. पुढे नवी विंडोज इंटरनेटवरून आणायची की डिस्कवर आहे त्यातूनच बसवायची हेही विचारतात. इंटरनेटवरून आणली तर चार जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नका. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तरीही ही वाट खुली असते: सुरू होण्याचे प्रयत्न लागोपाठ फसले की निळा दुरुस्तीचा पडदा येतो, त्यात ‘ट्रबलशूट’खाली हाच रीसेट असतो.

## पेनड्राइव्हवरून सुरुवात केली की वचन बदलतं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. विंडोजचा पेनड्राइव्ह एकच. पण तो विंडोज चालू असताना उघडून त्यातली सेटअप चालवणं वेगळं आणि कॉम्प्युटर बंद करून त्याच पेनड्राइव्हवरून सुरू करणं वेगळं. चालू विंडोजमधून केलं तर “फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा” हा पर्याय मिळतो. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला तर तो मिळत नाही. तेव्हा ‘अपग्रेड’ निवडायला गेलात तर मागे जा, आधीची विंडोज सुरू करून तिथून चालवा असा निरोप येतो. विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीच्या नव्या सेटअपमध्ये तर पुढे जाण्याआधी फाइल्स, अ‍ॅप्स आणि सेटिंगसकट सगळं पुसलं जाईल हे मला मान्य आहे, अशा अर्थाच्या चौकोनात खूण करावी लागते. ती खूण करण्याआधी हात थांबवा.

पेनड्राइव्हवरून सुरू करून, फॉरमॅट न करता, जुन्या विंडोजच्याच जागेवर नवी बसवली तर वाड्याची तिसरी तऱ्हा होते. जुनी सिस्टिम, जुने प्रोग्रॅम, जुने ‘यूजर्स’ असं सगळं उचलून ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं जातं. प्रोग्रॅम चालत नाहीत, पण फाइल्स त्यात सापडतात आणि हातानं बाहेर काढता येतात. मात्र हे फोल्डर कायमचं नाही. अपग्रेडनंतर साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपोआप काढून टाकते, आणि डिस्क साफ करण्याच्या साधनातून ते त्याआधीही उडू शकतं. म्हणून त्यातून काही काढायचं असेल तर त्याच दिवशी काढा.

अजून एक धोका इथेच आहे. पेनड्राइव्हवरून सुरू केलेल्या सेटअपमध्ये सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत. तिथे “ड्राइव्ह शून्य, पार्टिशन तीन” अशी भाषा असते आणि पुढे जीबीचा आकडा. डिस्कचा असा एकेक वेगळा कप्पा म्हणजे पार्टिशन. सी आणि डी सारख्याच आकाराचे असतील तर कुठला कोणता हे घाईत कळत नाही, आणि चुकीच्या ओळीवर ‘फॉरमॅट’ दाबलं जातं. यावर उपाय सोपा आहे. विंडोज चालू असतानाच प्रत्येक ड्राइव्हला ठळक नाव द्या, ‘सिस्टिम’ आणि ‘घरचे कागद’ असं काहीही, आणि प्रत्येकाचा आकार कागदावर लिहून ठेवा. दोन डिस्क असतील, उदाहरणार्थ नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि जुनी हार्डडिस्क, तर फाइल्सची डिस्क त्या तासापुरती केबल काढून वेगळीच करावी. लावलेलीच नसेल तर ती पुसली जाणार नाही.

## जे फाइलसारखं दिसत नाही, पण आपलंच असतं

टॅलीपासून सुरू करतो, कारण इंदूरमधल्या छोट्या दुकानदारांच्या आणि हिशेबनिसांच्या कॉम्प्युटरवर दुसरं काही नसलं तरी ते असतं. टॅलीची माहिती बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये नसते. आवृत्तीप्रमाणे ती सार्वजनिक यूजरच्या फोल्डरमध्ये किंवा सी ड्राइव्हवर टॅलीच्याच नावाच्या फोल्डरमध्ये असते. कुणी फोल्डर शोधून कॉपी करण्यापेक्षा टॅलीमधूनच बॅकअप घ्यावा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय एकत्र दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात तो पर्याय आहे. बॅकअप सी ड्राइव्हवर नको, बाहेरच्या डिस्कवर घ्या. आणि लायसन्स आधी ‘सरेंडर’ करा, म्हणजे टॅलीतूनच परत करा; नवी विंडोज आल्यावर पुन्हा सुरू करता येतं.

ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड अ‍ॅपडेटामध्ये असतात. अनेकजण क्रोमचं आख्खं फोल्डर कॉपी करून निर्धास्त होतात. बुकमार्क त्यातून परत मिळतात, पासवर्ड मात्र मिळत नाहीत, कारण ते त्या वेळच्या विंडोज खात्याच्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात आणि नव्या सिस्टिममध्ये ती किल्ली नसते. एक तर ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने सिंक चालू ठेवा, म्हणजे इंटरनेटवरच्या खात्यात प्रत आपोआप जात राहील, किंवा ब्राउझरच्या सेटिंगमधून पासवर्ड एक्स्पोर्ट करून, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घ्या. एक्स्पोर्ट झालेली फाइल कुणालाही वाचता येते, म्हणून काम झालं की ती पुसा.

ईमेल आउटलुकमध्ये उतरवून घेत असाल तर जुनी पत्रं एका मोठ्या फाइलमध्ये साठतात. नव्या आवृत्त्यांत ती डॉक्युमेंट्सखाली असते, जुन्यांत अ‍ॅपडेटामध्ये. थंडरबर्ड या दुसऱ्या ईमेल-प्रोग्रॅमची पत्रं अ‍ॅपडेटामध्येच असतात. पडद्यावर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, म्हणजे स्टिकी नोट्स, त्याही तिथेच. बँकेचा क्रमांक, गॅसचा क्रमांक असं त्यात लिहून ठेवणारी माणसं पुष्कळ आहेत. सिंक चालू नसेल तर त्या एका कागदावर उतरवून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये असेल तर ती सुरक्षित आहे, फक्त टोकनचा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजला ओळखू देणारा छोटा प्रोग्रॅम, पुन्हा टाकावा लागतो. सही विंडोजमध्येच बसवलेली असेल तर ती पासवर्डसकट एक्स्पोर्ट केल्याशिवाय रीसेटला हात लावू नये.

## कृतिदेव आणि श्रीलिपीत लिहिलेलं

आता जे लिहितो आहे ते मराठी घरांसाठी आणि मराठी मंडळांसाठी सगळ्यात मोलाचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी हे कुणी सांगतही नाही.

आज मोबाइलवर आपण जे मराठी लिहितो ते युनिकोड. त्यात ‘क’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो आणि जगातला कुठलाही कॉम्प्युटर तो ‘क’ म्हणूनच ओळखतो. पण युनिकोड सर्रास वापरात येण्याआधी, आणि छपाईच्या कामात नंतरही कितीतरी वर्षं, मजकूर कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टमध्ये टाइप होत असे. या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि त्यांच्या जागी देवनागरीचं चित्र दाखवण्याचं काम फॉन्ट करतो. फॉन्ट गेला की उरतात ती नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं, कुणालाही न वाचता येणारी.

इंदूरच्या मंडळांच्या कितीतरी स्मरणिका, लग्नपत्रिका, कुलवृत्तांत, नाट्यसंहिता अशा फॉन्टमध्ये पडून आहेत. मध्य प्रदेशातल्या कार्यालयांत हिंदी टायपिंग वर्षानुवर्षं कृतिदेवमध्ये होत आलं, त्यामुळे नोकरीतून निवृत्त झालेल्या मंडळींनी घरचं मराठी लिखाणही त्याच सवयीने केलेलं असतं. रीसेटमध्ये “फाइल्स ठेवा” म्हटलं की या फाइल्स राहतात. फॉन्ट मात्र ‘विंडोज’ फोल्डरच्या आत ‘फॉन्ट्स’मध्ये असतो, म्हणजे सिस्टिमच्या पत्त्यावर, आणि तो जातो. फाइल उघडावी तर अगम्य अक्षरं. माणसाला वाटतं फाइल खराब झाली, आणि कधी कधी तो ती पुसूनही टाकतो. फाइल शाबूत असते. तोच फॉन्ट परत बसवला की मजकूर जसाच्या तसा उभा राहतो.

म्हणून रीसेटच्या आधी ‘फॉन्ट्स’ फोल्डर उघडा आणि आपल्या मराठी-हिंदी फॉन्टच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. श्रीलिपीसारखं विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असेल तर त्याची सीडी, किल्ली, यूएसबीचं लॉक, जे असेल ते आधी शोधून हाताशी ठेवा. प्रत्येक महत्त्वाच्या लिखाणाची एक पीडीएफही करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरलेला असला की ती कुठेही वाचता येते. आणि सवड असेल तेव्हा हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. रूपांतरणात जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार यांच्यात गडबड होते, तेव्हा मूळ फाइल न पुसता शेजारी ठेवून तपासत जा. घरात कुणी जुन्या पद्धतीचं टायपिंग जाणणारं असेल तर त्यांच्या हयातीतच हे करून घ्यावं, असं मी कळकळीने सांगतो.

नव्या विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड पुन्हा जोडावा लागतो. विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आतच येतो, तेव्हा त्यासाठी वेगळं काही उतरवायची गरज नाही.

## “पण माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे”

चांगली सवय आहे. सी पुसलं तरी डी राहतं, हे खरं. पण सी आणि डी बऱ्याचदा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बिघडली तर दोन्ही गेले, आणि सेटअपमध्ये चुकीची ओळ निवडली तर डीच जाते. शिवाय आपण डीवर ठेवतो ते मुद्दाम ठेवलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरलेले फोटो, ईमेलमधून आलेली कागदपत्रं, स्कॅनरने टाकलेल्या प्रती डाउनलोड्स किंवा डॉक्युमेंट्समध्ये, म्हणजे सीवरच असतात. डेस्कटॉपही सीवरच आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

“फॉरमॅट झालं तरी रिकव्हरीवाला काढून देतो” असंही ऐकू येतं. यात थोडं तथ्य आहे. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त कुठली फाइल कुठे आहे ही यादी कोरी होते, मजकूर खाली तसाच असतो, आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून तो कधी कधी परत मिळतो. पण त्याच जागेवर नवी विंडोज लिहिली की तेवढा भाग कायमचा गेला. व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. आणि एसएसडीवर, जी आता बहुतेक लॅपटॉपमध्ये असते, पुसलेल्या जागा सिस्टिम डिस्कला लगेच कळवते आणि डिस्क त्या आतून रिकाम्या करते. तिथे रिकव्हरीवर भरवसा ठेवू नये.

## “माझं सगळं क्लाउडवर आहे”

मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, म्हणजे वनड्राइव्ह, चालू असेल तर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं त्याच्या आत गेलेली असू शकतात, म्हणजे त्यांची एक प्रत इंटरनेटवर. पण फुकटची जागा पाच जीबी आहे. ती भरली की सिंक थांबतं, आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्या सूचनेकडे कुणाचं लक्ष जात नाही. फाइलशेजारी नुसतं ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल फक्त इंटरनेटवर आहे, कॉम्प्युटरवर तिचं नावच आहे. म्हणून दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावरून, मोबाइलवरूनही चालेल, खात्यात लॉगिन करून फाइल्स खरंच दिसतात का ते डोळ्यांनी पाहा. आणि खात्याचा पासवर्ड आठवतो ना, हेही त्याच वेळी तपासा. ज्या मुलाने पुण्याहून येऊन खातं काढून दिलं, त्याच्या मोबाइलवर ओटीपी जातो अशी घरं खूप आहेत.

## कुलूप लागलेली डिस्क

नव्या लॅपटॉपवर डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद असते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. एरवी ते जाणवतही नाही. पण विंडोज बिघडल्यावर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फाइल्स काढायला गेलात, किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललंत, की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती नसेल तर डिस्क समोर असूनही फाइल्स मिळत नाहीत, आणि कुठलाही तंत्रज्ञ त्यात काही करू शकत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून डिव्हाइसेसच्या पानावर ही किल्ली पाहता येते. सगळं सुरळीत असतानाच ती कागदावर लिहून कपाटात ठेवा.

## “फाइल्स ठेवल्या तर व्हायरसही राहील, आणि वेगही येणार नाही”

पहिली शंका बरोबर आहे. कॉम्प्युटरला खरंच लागण झाली असेल तर फाइल्स राखणाऱ्या वाटा घेऊ नयेत. गरजेची कागदपत्रं आणि फोटो तेवढे बाहेर काढावेत, कुठलेही प्रोग्रॅम किंवा सेटअप फाइल्स काढू नयेत, डिस्क पूर्ण पुसून नवी विंडोज टाकावी आणि परत आणलेल्या फाइल्स तपासून घ्याव्यात. पासवर्डही नंतर बदलावेत.

वेगाचं मात्र तसं नाही. डॉक्युमेंट्समध्ये शंभर जीबी फोटो पडले आहेत म्हणून विंडोज रेंगाळत नाही. डिस्क काठोकाठ भरली असेल तरच फरक पडतो. रेंगाळते ती सुरू होताना आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम, अपुरी मेमरी आणि जुनी फिरती हार्डडिस्क यांमुळे. अशा हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो फॉरमॅट करून पडत नाही. आणि डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तिच्यातून खटखट आवाज येत असेल किंवा फाइल उघडायला मिनिटं लागत असतील, तर नवी विंडोज टाकण्याचा विचारच नको. आधी फाइल्स बाहेर काढा; त्या डिस्कवर जितकं जास्त काम कराल तितकी ती लवकर जाईल.

## “कंपनीच फाइल्स राखते, मग बॅकअप कशाला?”

कारण मधेच वीज गेली तर काय, याचं उत्तर कुठल्याही बटणात नाही. लॅपटॉप चार्जरला लावून आणि डेस्कटॉप यूपीएसवर ठेवूनच हे काम करावं. पावसाळ्यात तर नक्कीच. बॅकअप म्हणजे त्याच डिस्कवर केलेली दुसरी प्रत नव्हे. महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर, असा जुना दंडक आहे. बाहेरची एक हार्डडिस्क आणि मुलीच्या किंवा भावाच्या घरी ठेवलेली दुसरी, एवढं घरगुती वापराला पुरतं. कॉपी झाल्यावर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यातल्या चार-पाच फाइल्स उघडून पाहा. जी प्रत उघडून पाहिली नाही तिला बॅकअप म्हणू नये.

विंडोजच्या परवान्याची काळजी मात्र सहसा नको. कॉम्प्युटरसोबत आलेली विंडोज ही त्या यंत्राच्या मदरबोर्डशी बांधलेली असते. तीच होम किंवा प्रो आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ती आपोआप सक्रिय होते. त्यामुळे कुणी कमी पैशात ‘क्रॅक’ केलेली विंडोज टाकून देतो म्हटलं तर नको म्हणा. विंडोजचा पेनड्राइव्ह कंपनीच्या संकेतस्थळावरून फुकट बनवता येतो, किमान आठ जीबीचा लागतो, आणि त्यावर आधी असलेलं सगळं जातं.

दुकानात मशीन देताना “फाइल्स ठेवा” एवढंच सांगू नका. एका कागदावर लिहून द्या: कोणते प्रोग्रॅम लागतात, कोणते फॉन्ट, टॅलीचा डेटा कुठे आहे, डीला हात लावायचा नाही. इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधला असो की गल्लीतला, चांगल्या तंत्रज्ञाला असा कागद आवडतो, कारण त्याचंही काम सोपं होतं.

## विंडोज ११ला न चालणारी जुनी मशीन

विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१८च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची चांगली चालणारी पुष्कळ मशीनं यात बसत नाहीत. घरच्या वापराला तिथे लिनक्स हा खरा पर्याय आहे, आणि फाइल्स राखण्याच्या बाबतीत त्याची रचना अधिक स्वच्छ आहे. लिनक्समध्ये माणसांचं सगळं सामान ‘होम’ नावाच्या एकाच ठिकाणी असतं, अगदी प्रोग्रॅमच्या सेटिंगसकट. पहिल्यांदा टाकतानाच ‘होम’ला वेगळं पार्टिशन दिलं तर पुढे कितीही वेळा सिस्टिम बदलता येते, फक्त ‘होम’समोरच्या ‘फॉरमॅट’च्या चौकोनात खूण करायची नाही आणि खात्याचं नाव तेच द्यायचं. विंडोजवरून लिनक्सवर पहिल्यांदा जाताना मात्र बॅकअप लागतोच. टॅली त्यावर थेट चालत नाही हेही आधी लक्षात घ्या.

मॅक वापरणाऱ्यांना काळजी कमी. २०१९च्या कॅटालिना या आवृत्तीपासून सिस्टिम आणि माणसाच्या फाइल्स वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या असतात, आणि रिकव्हरीमधून मॅकओएस पुन्हा टाकलं तर फाइल्सना हात लागत नाही, जोवर आपण आधी डिस्क स्वतःहून पुसत नाही तोवर.

## नवी विंडोज आल्यानंतरचे दहा दिवस

काम झालं, डेस्कटॉप दिसला, फोटो जागेवर आहेत, की माणूस निश्चिंत होतो आणि बॅकअपची डिस्क रिकामी करायला घेतो. ती रिकामी करू नका. हरवलेलं लगेच कळत नाही; रोज न लागणाऱ्या गोष्टींची आठवण महिन्यांनी येते. म्हणून ‘विंडोज डॉट ओल्ड’ असेपर्यंतच अशा गोष्टी मुद्दाम उघडून पाहा: टॅलीतलं मागच्या आर्थिक वर्षाचं ताळेबंद, प्राप्तिकराच्या पानावर डिजिटल सही, प्रिंटर आणि स्कॅनर, पेन्शनच्या कागदांचा स्कॅन, मुलांच्या गुणपत्रिका, कृतिदेवमधली एखादी जुनी स्मरणिका. ईमेलमधलं सर्वांत जुनं पत्र कुठल्या वर्षाचं दिसतं ते बघा. यातलं जे सापडणार नाही ते आधी ‘विंडोज डॉट ओल्ड’मध्ये शोधा, मग बाहेरच्या डिस्कवर. सापडलं की त्याला यावेळी डॉक्युमेंट्सच्या आत जागा द्या, म्हणजे पुढच्या खेपेला ते “फाइल्स ठेवा”मध्ये मोजलं जाईल.